सुमोचा योकोझुना रिंगमध्ये उतरतो तेव्हा: तालमीतल्या वजनदार मल्लाने प्रो रेसलिंगकडे कसं वळावं

तालमीत सव्वाशे किलोच्या पुढचा, सहा फुटांवरचा पठ्ठ्या दिसला की कुणीतरी म्हणतंच, "तू तर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये जायला हवंस." बोलणारा निघून जातो आणि पोराच्या डोक्यात विचार घर करतो. मग यूट्यूबवर बघून तालमीच्या मातीच्या हौदातच उड्या मारणं सुरू होतं आणि पहिल्याच आठवड्यात मान धरते.

हा लेख अशा मल्लांसाठी आणि त्यांच्या वस्तादांसाठी आहे. उदाहरणं घेतली आहेत ती जपानच्या सुमो मल्लांची. वजनदार, अव्वल दर्जाचे मल्ल आपला खेळ सोडून प्रो रेसलिंगमध्ये गेल्याची इतकी ठळक उदाहरणं दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच सापडतील. शिवाय त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे. सुमोत तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की हार. आपल्याकडे पाठ लागली की हार. दोन्हीकडे वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून शरीराला एकच शिकवलं जातं: पडायचं नाही. प्रो रेसलिंगमध्ये, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या निकाल ठरलेल्या लढतींत, मात्र पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात. बाकी सगळं, म्हणजे दम, डाव, पोशाख, बोलणं, त्यानंतर.

कोण टिकलं, कोण नाही

रिकिदोझान सुमोत सेकिवाके या दर्जापर्यंत पोहोचला होता. हा वरून तिसरा दर्जा. १९५० मध्ये त्याने सुमो सोडला, पुढच्या वर्षी प्रो रेसलिंगमध्ये उतरला, आणि १९५४ मध्ये शार्प बंधू या परदेशी जोडीविरुद्धच्या लढतींनी जपानभर टीव्हीसमोर गर्दी खेचली. जपानमधलं प्रो रेसलिंग उभं राहिलं ते त्याच्यामुळे. त्याचा प्रसिद्ध कराटे चॉप हा सुमोतल्या उघड्या पंजाच्या फटक्याचाच पुढचा अवतार मानला जातो.

गेनिचिरो तेनर्यू तर सुमोत माएगाशिरा या, वरच्या विभागातल्या सगळ्यात खालच्या, दर्जाच्या पुढे गेलाच नाही. १९७६ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, तो ऑल जपान या प्रो रेसलिंग कंपनीत आला. त्याला अमेरिकेत टेक्सासला धाडलं, नवशिक्यासारखं शिकवलं, आणि तो बरीच वर्षं मधल्या फळीत राबला. २०१५ मध्ये ६५व्या वर्षी तो निवृत्त झाला, तोही टोकियोच्या र्योगोकू कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्याच घरात.

आता दुसरी बाजू बघा. कोजी किताओ, सुमोतलं नाव फुताहागुरो, हा ६०वा योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च दर्जाचा मल्ल. एकही स्पर्धा न जिंकता योकोझुना झालेला. १९८७ च्या अखेरीस आपल्या वस्तादाशी भांडण होऊन त्याला सुमो सोडावा लागला. फेब्रुवारी १९९० मध्ये त्याची पहिली प्रो लढत थेट टोकियो डोममध्ये झाली. वय तेनर्यूइतकंच, २६. उंची-वजन त्याहून सरस. त्याच वर्षी न्यू जपान या त्याच्या कंपनीने त्याला काढलं. पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या कंपनीकडून, कोबेला जॉन टेंटाविरुद्धच्या लढतीत तो सहकार्य करेना, पंचावर हल्ला केला आणि भर गर्दीसमोर हे सगळं खोटं असल्याचं ओरडला. तिथूनही त्याची हकालपट्टी झाली.

हिरोशी वाजिमा हा ५४वा योकोझुना, १४ स्पर्धांचा विजेता. १९८५ मध्ये सुमो सोडावा लागला आणि १ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याच्या गावी, नानाओला, पंजाबात जन्मलेल्या टायगर जीत सिंगविरुद्ध त्याची जपानमधली पहिली लढत झाली. वय ३८. दोन वर्षांत कारकीर्द आटोपली.

अकेबोनोची गोष्ट वेगळी आणि सगळ्यात शिकण्यासारखी. हवाईचा, २०३ सेंटिमीटर उंच, २३० किलोच्या आसपास वजन, १९९३ मध्ये योकोझुना झालेला पहिला परदेशी मल्ल, ११ विजेतेपदं. सुमोनंतर तो आधी चुकीच्या दारातून गेला. ३१ डिसेंबर २००३ रोजी के-वनमध्ये, म्हणजे ठोसे-लाथांच्या खेळात, बॉब सॅपने त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं. पुढेही त्या खेळात त्याला एकच विजय मिळाला. झिजलेल्या गुडघ्यांवर २०० किलोंहून अधिक वजन घेऊन लाथा चुकवता येत नाहीत, इतकं साधं कारण. मग डब्ल्यूडब्ल्यूईच्या २००५ च्या रेसलमेनिया कार्यक्रमात बिग शो या मल्लाविरुद्ध सुमोच्याच नियमांची एक छोटी लढत, आणि त्यानंतर जपानमध्ये प्रो रेसलिंगची खरी मेहनत. २०१३ मध्ये तो ट्रिपल क्राउन, म्हणजे ऑल जपानच्या सर्वोच्च किताबाचा, विजेता झाला.

वय आणि दर्जा या दोन गोष्टींवरून निकाल लागत नाही, हे यावरून दिसतं. किताओ आणि तेनर्यू एकाच वयाचे होते. फरक पडला तो पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायची तयारी कुणाची होती, यावर.

(नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डांवर ज्याचं वजन सगळ्यांना मारायचं तो योकोझुना सुमो मल्ल नव्हता. तो सामोआन वंशाचा अमेरिकन प्रो रेसलर, रॉडनी अनोआई. वेश सुमोचा होता, एवढंच. त्याच्या कारकिर्दीवरून सुमोवाल्यांचा हिशेब लावू नका.)

पडायला शिकणं

इथे घाई करायची नाही. किमान तीन महिने फक्त याला द्या.

हौदात हा सराव करू नका. उकरलेली माती एका जागी भुसभुशीत असते आणि वीतभर बाजूला घट्ट. पाठ एकसारखी टेकत नाही, एक खांदा आत जातो आणि मानेला पीळ बसतो. सुरुवात जिम्नॅस्टिक्सच्या जाड गादीवर करा, साधारण २० सेंटिमीटरची. महिन्याभराने कुस्तीच्या मॅटवर या, ती साधारण ६ सेंटिमीटरची असते. रिंगमध्ये सगळ्यात शेवटी. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. टीव्हीवर मऊ वाटते, पण तशी ती नसते.

तालमीत गादी नसेल तर जुदोच्या वर्गाला जा. पुण्यात असे वर्ग शोधले की सापडतात. जुदोत पडण्याचं शिक्षण पहिल्या दिवसापासून देतात आणि वजनदार माणसाला ते फार उपयोगी पडतं.

मागे पडण्याचा क्रम असा:

१. बैठकीच्या खालच्या स्थितीत बसा, टाचा टेकलेल्या. हनुवटी छातीला लावा. मध्ये एक लिंबू धरा. पडताना लिंबू सुटलं तर डोकं मागे गेलं, असं समजा.

२. हात छातीवर फुलीसारखे. नजर स्वतःच्या नाभीवर.

३. मागे जा. आधी कंबर नाही, माकडहाड तर नाहीच. दोन खांद्यांच्या पात्यांमधला रुंद भाग एकदम सपाट टेकला पाहिजे.

४. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, अंगापासून साधारण ४५ अंशांवर आपटा. कोपर नव्हे, पूर्ण हात.

५. टेकताना तोंडाने श्वास जोरात सोडा. श्वास धरून पडलात तर छाती आवळून येते आणि काही क्षण दम घेता येत नाही.

६. तळपाय गादीवर, गुडघे वाकलेले. पाय सरळ ताणलेले राहिले तर टाचा आणि कंबर दोन्ही दुखतात.

खाली बसून हे शंभर टक्के जमेपर्यंत उभं राहून पडू नका. उभं राहून जमल्यावरच कुणाच्या तरी हातून पडा. १२० किलोंच्या वरच्या मल्लाने एका दिवशी दहाच्या वर पडू नये, आणि आठवड्यात तीन दिवसांच्या वर नाही. डोकं दुखलं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो दिवस संपला. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा गादीवर यायचं नाही. वस्तादांनी यात "काही होत नाही रे" म्हणू नये.

कुस्तीच्या मल्लाचं काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण चुका ठरलेल्या असतात. पहिली, पाठ लागतेय असं वाटताच अंग आपोआप पोटावर वळतं. लहानपणापासून हाडात भिनलेलं आहे ते. अर्धवट वळलेल्या अंगाचा सगळा भार एका खांद्याच्या टोकावर येतो आणि गळ्याजवळचं हाड मोडतं. दुसरी, पूल. खांदे वाचवायला मल्ल डोक्यावर कमान टाकतो. कुस्तीत ती वाचवते, इथे ती सगळं वजन मानेच्या मणक्यांवर टाकते. तिसरी, हात मागे टेकणं, आणि त्यात मनगट जातं.

सुमोवाल्यांची चूक वेगळी असते. दोघं बरोबर पडले तर ज्याचा हात आधी टेकला तो हरतो, म्हणून त्यांना हात न टेकता खांद्यावर, प्रसंगी तोंडावर पडायची सवय असते. सरावात रेटारेटी झाल्यावर खांद्यावरून पुढे लोळण घेणं त्यांना छान जमतं. त्यामुळे त्यांना पुढची कोलांटी शिकवावी लागत नाही, पण पाठीवर सपाट पडणं शून्यापासून शिकवावं लागतं. आपल्या मल्लालाही हाच क्रम बरा: आधी दोन्ही खांद्यांवरून पुढची लोळण, मग कुशीवर, मग पाठीवर.

पूल सोडायचा नाही, फक्त जागा बदलायची. मान मजबूत करायला तो ठेवा आणि जोडीला कपाळ, डोक्याची मागची बाजू आणि दोन्ही कानशिलांवर तळहाताने दाब देऊन मान न हलवता दहा-दहा सेकंद धरा, प्रत्येक बाजूला पाच वेळा, रोज.

रिंग आणि दोऱ्या

सुमोचं वर्तुळ ४.५५ मीटर व्यासाचं. प्रो रेसलिंगची रिंग साधारण १८ ते २० फूट चौरस. जागा दुपटीच्या आसपास, आणि दोऱ्यांमुळे तर सगळी चाल बदलते. दोऱ्या तीन असतात. काही ठिकाणी टेप गुंडाळलेला खरा दोर, काही ठिकाणी रबरी नळीत घातलेली लोखंडी तार. तारेवर आदळलं की फासळ्यांवर वळ उठतात, हे पहिले दोन आठवडे होणारच.

रिंगच्या मधून दोरीपर्यंत मोठ्या तीन पावलांत पोहोचा, शेवटच्या पावलावर वळा, पाठ वरच्या दोरीला लावा आणि वरची दोरी एका हाताने धरा. दोरी न धरणारा वजनदार मल्ल दोन दोऱ्यांमधून बाहेर जातो. चढण्याआधी चारही कोपऱ्यांतले ताण द्यायचे स्क्रू स्वतः हाताने तपासा. दीडशे किलोच्या माणसाखाली ढिली दोरी फार वाईट फसवते. सुमोत पाय जमिनीला घासत पुढे सरकवतात, आपणही खडाखडीत जवळपास तसंच सरकतो. धावताना ते चालत नाही, पाय उचलावा लागतो. डोकं खाली घालून धावायची सवयही मोडा. तो पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, निघालेल्या मल्लाचा पवित्रा आहे, आणि समोरच्याचं कपाळ तिथेच असतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. अमेरिका आणि जपानमध्ये पकडी डाव्या बाजूने धरतात. डोकं काखेत धरायचं तर डाव्या काखेत, हात धरायचा तर डावा. मेक्सिकोत उलट, उजवीकडून. दोघांनाही बाजू ठाऊक असेल तरच अनोळखी मल्लाबरोबर सुरक्षित लढता येतं. उजव्या अंगाने खेळणाऱ्या मल्लाला हे महिनाभर छळतं. रोज वीस वेळा डावीकडून पकड घ्या.

कोणते डाव बरोबर न्यायचे

वाजिमाची खरी ताकद त्याच्या डाव्या हातात होती. समोरच्याचा मावाशी, म्हणजे कमरेचा जाड पट्टा, आतून धरून तो फेकायचा. त्या हाताला जपानमध्ये सोनेरी डावा म्हणत. प्रो रेसलिंगमध्ये मावाशीच नाही, मग धरणार काय? त्याने त्या हाताने गळ्यापाशी पकडून उचलून आपटण्याचा डाव केला आणि नाव सोनेरीच ठेवलं. बदल योग्य दिशेने होता, वेळ उशिराची होती.

आपल्या मल्लाने हीच छाननी आपल्या डावांची करावी. जांगियाला धरून जे जमतं ते इथे सोडा. मॅटवर खेळलेल्यांना हे आधीच ठाऊक असतं, म्हणून पूर्वी मॅटवर राबलेला मल्ल इथे लवकर रुळतो. जॉन टेंटाचंच बघा: कॅनडात आधी मॅटवरची कुस्ती, मग सुमोत एकही लढत न हरता काही महिने, आणि तिथून प्रो रेसलिंग. जगाने त्याला अर्थक्वेक म्हणून ओळखलं.

कलाजंग उत्तम. समोरचा मल्ल दोन्ही खांद्यांवर आडवा, आधार मिळालेला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसणारा. तिथून हळू सोडताही येतं. धोबीपछाड चालतो, पण समोरच्याचा हात सोडायचा नाही, त्याला त्या हाताच्या आधारानेच सपाट पडायचं असतं. ढाक आधी गादीवर भरपूर घोटल्याशिवाय नको, त्यात समोरचा डोक्यावर येण्याचा धोका आहे. घिस्सा दिसायला फिका पडतो. सवारी आणि एकलंगी जमिनीवरच्या मधल्या खेळाला चांगल्या.

पकड हा सगळ्यात अवघड भाग. तालमीत पकड म्हणजे सुटता कामा नये. इथे पकड प्रेक्षकाला घट्ट दिसली पाहिजे आणि समोरच्याला श्वास घेता आला पाहिजे. वस्तादांनी यासाठी एक सोपी परीक्षा घ्यावी: डोकं काखेत धरल्यावर धरलेल्या मल्लाने सावकाश वीसपर्यंत मोठ्याने मोजायचं. मोजता आलं नाही तर पकड चुकली.

"ही तर नुरा कुस्ती" असं पेठेतली जुनी मंडळी म्हणतील. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण नुरा कुस्तीत पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला फसवलेलं असतं. इथे निकाल ठरलेला असतो हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं, आणि २०० किलोचा माणूस अंगावर झेलणं मात्र ठरवून हलकं होत नाही. ज्या मल्लाला मनातून ही फसवणूक वाटते त्याने येऊच नये. किताओचं कोबेला झालं ते हेच. असा मल्ल समोरच्याला इजा करतो.

दम, वजन, गुडघे

सुमोची लढत बहुधा काही सेकंदांत संपते आणि दिवसाला एकच असते. प्रो लढत दहा ते वीस मिनिटं चालते. शिवाय लढताना समोरच्याला पुढचा डाव कानात सांगायचा असतो. दम लागला की बोलता येत नाही, बोलणं थांबलं की समोरच्याला काय येतंय ते कळत नाही, आणि दुखापती तिथेच होतात. म्हणून दमाचं माप बोलण्यावर ठेवा. ३० सेकंद जोरात काम, ३० सेकंद विश्रांती, असे सहा फेरे. फेरा संपताच एक पूर्ण वाक्य स्पष्ट बोलता आलं पाहिजे. जमलं की विश्रांती २० सेकंदांवर आणा. पुढे पाच-पाच मिनिटांचे तीन फेरे.

जोर, बैठका, सपाट्या चालू ठेवा. बैठकांचा आकडा मात्र कमी करा आणि सुमोतला शिको जोडा: पाय फाकवून बसायचं, एक पाय बाजूला उंच उचलून एका पायावर तोल धरायचा, मग सावकाश खाली. दोन्ही पायांवर वीस-वीस. मांडीचा आतला भाग आणि तोल यासाठी याच्यासारखं काही नाही. पर्वती चढायला चांगली, पण धावत उतरू नका. उतरताना वजनाचा मार गुडघ्याच्या वाटीवर येतो. सव्वाशे किलोच्या माणसाने सावकाश चालतच उतरावं.

वजन किती ठेवायचं? शिकायला सुरुवात करताना १३० च्या वर असाल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो या वेगाने उतरवा. दूध, बदाम, तूप तोडू नका, आधी थंडाईतली साखर आणि रात्रीचं उशिराचं जेवण तोडा. सुमोवाले सकाळी उपाशीपोटी सराव करून दुपारी भरपेट चांको, म्हणजे त्यांचा खास रस्सा, खातात आणि झोपतात, ते वजन वाढवायला. तुम्हाला उलट करायचं आहे.

झोपेत जोरात घोरत असाल, मधेच श्वास अडकून जाग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि इको हेही. अकेबोनोला २०१७ मध्ये दौऱ्यावर असताना हृदयाचा त्रास झाला आणि त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. २०२४ मध्ये ५४व्या वर्षी तो गेला.

नोकरी, वस्ताद, करार

खेळाडू कोट्यातून पोलिसांत किंवा रेल्वेत असाल तर पैसे घेऊन लढण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्र केसरीचं स्वप्न अजून जिवंत असेल तर प्रो लढतीनंतर तिथे उतरता येईल का, हे संघटनेला आधी लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

भारतात प्रो रेसलिंग शिकायचं तर बहुतेकांना ठाऊक असलेलं ठिकाण म्हणजे जालंधरला ग्रेट खलीने २०१५ मध्ये सुरू केलेली शाळा. कुठल्याही शाळेत पैसे भरण्याआधी एक दिवस नुसता बसून सराव बघा. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात उचलून आपटत असतील तर परत या. रिंगशेजारी प्रथमोपचार करणारा माणूस नसेल तरीही परत या.

करारात चार गोष्टी वाचा: दुखापतीचा खर्च कोण देणार, रिंगमधलं नाव कुणाच्या मालकीचं, करार मोडायचा तर किती दिवसांची सूचना, आणि तुम्हाला दुसरीकडे लढायची मोकळीक आहे का. इंग्रजी अडत असेल तर वकिलाकडून मराठीत समजून घ्या आणि मगच सही करा.

वस्तादांना सांगून जा. चोरून शिकलेलं पुण्यात आठ दिवसांत सगळ्या तालमींना कळतं. आणि पडण्याच्या सरावाला रोज शेजारी उभा राहणारा जाणता माणूस लागतो, तो तालमीतच मिळतो.